बांगड्या गहाण ठेवण्याआधी



गेल्या महिन्यात मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका वाचक मुलीचा निरोप आला. तिने इंग्रजी घेऊन बी.ए. केले आहे आणि एका खासगी शाळेत महिना सहा हजार रुपयांवर शिकवते. तिने लिहिले होते : "सर, एका संस्थेने १२० तासांचा टेफल कोर्स आणि परदेशात इंग्रजी शिकवण्याची नोकरी, दोन्ही मिळून ८५ हजार रुपये सांगितले आहेत. रविवारपर्यंत भरले तर सवलत आहे. अम्मी बांगड्या गहाण ठेवायला तयार आहे. अब्बू म्हणतात, एकदा सरांना विचार. भरू का?"

मी तिला लगेच फोन केला आणि म्हटले, "बेटा, रविवार जाऊ दे. सोमवारी बोलू."

असे निरोप आता वरचेवर येतात. विचारणाऱ्यांत मुली जास्त, बहुतेक उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेल्या. आपल्या घरांतून परदेशी जाणे नवीन नाही. कोकणातल्या कितीतरी घरांचे छप्पर आखाताच्या पैशांनी उभे राहिले आहे. पण तिथे जाणारे आपले लोक ड्रायव्हर, वेल्डर, सेल्समन, फार तर अकाउंटंट म्हणून गेले. शिक्षक म्हणून जाण्याचे स्वप्न आता आपल्या मुली पाहत आहेत, ही मला आनंदाची गोष्ट वाटते. म्हणूनच हे स्वप्न कोणी ८५ हजारांना विकत असेल, तर त्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. त्यात माझाही अनुभव आहे, तो आधी सांगतो.

माझी फसगत

मी दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकलो. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचे. पदवी झाल्यावर मीही असाच एक ऑनलाइन कोर्स केला. घरबसल्या वाचायचे, शेवटी बरोबर पर्यायावर खूण करायची. तीन आठवड्यांत सोनेरी शिक्क्याचे प्रमाणपत्र टपालाने घरी आले. त्या काळात मी एकाही विद्यार्थ्यासमोर उभा राहिलो नव्हतो आणि माझा एकही तास कोणी पाहिला नव्हता.

ते प्रमाणपत्र जोडून मी अर्ज पाठवू लागलो. पूर्व आशियातल्या एका भाषा-केंद्राने मुलाखतीला बोलावले. मुलाखत पाऊण तास चालली, छान झाली. शेवटी पलीकडच्या बाईंनी विचारले, "तुमचा पासपोर्ट कोणत्या देशाचा?" मी म्हणालो, भारताचा. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "माफ करा, मग आम्ही तुमचा व्हिसा काढू शकणार नाही." माझे पैसे गेले याचे वाईट वाटलेच, पण जास्त राग या गोष्टीचा आला की कोर्स विकणाऱ्यांना हे माहीत होते आणि त्यांनी ते मला सांगितले नव्हते.

पासपोर्टचा प्रश्न

म्हणून पहिली गोष्ट. या धंद्यात 'नेटिव्ह स्पीकर' हा शब्द सतत भेटतो. त्याचा अर्थ 'ज्याची मातृभाषा इंग्रजी' असा सांगितला जातो, पण व्हिसाच्या खिडकीवर त्याचा अर्थ बहुधा 'ठरावीक देशांचा पासपोर्ट' एवढाच असतो.

दक्षिण कोरियाचा ई-२ हा भाषाशिक्षकांचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी एक छोटे दार उघडे आहे. भारत आणि कोरिया यांच्यात २०१० पासून लागू झालेल्या आर्थिक भागीदारी कराराने भारतीयांना तिथल्या शाळांत सहाय्यक इंग्रजी शिक्षक होता येते. पण त्यासाठी पदवीबरोबर शिक्षकाची अधिकृत पात्रता लागते. म्हणजे जिथे दार आहे तिथेही आपल्याला आत नेणारी गोष्ट १२० तासांच्या कोर्सपेक्षा मोठी आहे.

जपानमध्ये शाळांत भाषा शिकवण्याच्या व्हिसासाठी ती भाषा ज्या माध्यमातून शिकवली जाते अशा शिक्षणाची बारा वर्षे दाखवावी लागतात. उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या मुलांची वाट इथेच अडते, मग त्यांचे इंग्रजी कितीही चांगले असो. चीनमध्ये भाषाशिक्षकाच्या परवान्यासाठी तत्त्वतः इंग्रजी ही मातृभाषा असलेल्या देशांचे नागरिकत्वच धरले जाते. शिवाय जुलै २०२१ मध्ये तिथल्या सरकारने खासगी शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले आणि परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवण्याचे कामही बंद केले. तरीही आपल्याकडच्या जाहिरातींत चीनचे नाव ठळक अक्षरांत असते.

थायलंड आणि व्हिएतनाममध्ये वाट तुलनेने मोकळी आहे. पदवी, शिकवण्याचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही त्यांना टोइक किंवा आयल्ट्ससारख्या परीक्षेचे गुणही दाखवावे लागतात. फिलिपिन्सचे कितीतरी शिक्षक तिथे काम करतात. पण तिथेही जाहिरातीत 'नेटिव्ह'ला एक पगार आणि इतरांना दुसरा, असे उघड लिहिलेले सापडते.

ही समजूत आली कुठून? १९६१ साली युगांडातल्या मकेरेरे इथे राष्ट्रकुल देशांची इंग्रजी शिकवण्याविषयी परिषद झाली. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावे आणि आदर्श शिक्षक म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेला, अशा कल्पनांना त्या काळात बळ मिळाले. रॉबर्ट फिलिप्सन या भाषाशास्त्रज्ञाने १९९२ साली आपल्या पुस्तकात या कल्पनांची चिकित्सा केली आणि त्यांतल्या दुसऱ्या समजुतीला सरळ 'भ्रम' म्हटले. इंग्रजी शिक्षकांच्या टेसॉल या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये अशा भेदभावाच्या विरोधात ठरावही केला. पण ठराव झाला म्हणून नियम बदलत नाहीत. मुलाखतीला बसण्याआधी नियम माहीत असणे आपल्या हातात आहे.

प्रमाणपत्र कोणते?

टेफल हे कोणत्याही एका परीक्षेचे नाव नाही. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणे, एवढाच त्याचा अर्थ. त्या नावाने कोणीही कोर्स काढू शकतो. या सगळ्या कोर्सना मान्यता देणारी जगात एकच अशी संस्था नाही. त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय मान्यता' हे शब्द वाचल्यावर पहिला प्रश्न विचारायचा : कोणाची?

दोन प्रमाणपत्रे जवळपास सगळीकडे ओळखली जातात. एक केंब्रिजचे सेल्टा आणि दुसरे ट्रिनिटी कॉलेज लंडनचे सर्टटेसॉल. दोन्ही इंग्लंडच्या शासकीय पात्रता-यादीत पाचव्या पातळीवर नोंदलेली आहेत. सेल्टात १२० तासांचे शिक्षण असते, त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना सहा तास शिकवावे लागते, प्रशिक्षक मागे बसून ते पाहतात आणि गुण देतात. शिवाय अनुभवी शिक्षकांचे सहा तास पाहायचे आणि चार लेखी कामे करायची. प्रवेशाआधी मुलाखत होते. भारतात याची फी लाखाच्या घरात जाते.

म्हणजे '१२० तास' हा आकडा दोन्हीकडे आहे. फरक त्या सहा तासांचा आहे.

पुढे बी.एड. आणि एम.ए. करून, पैसे साठवून मी असा एक कोर्स केला. पहिल्या तासानंतर प्रशिक्षिकेने मला वही दाखवली. म्हणाल्या, "४० मिनिटांच्या तासात ३० मिनिटे तुम्ही बोललात. मग विद्यार्थी इंग्रजी कधी बोलणार?" मला तोवर चांगला शिक्षक म्हणजे चांगला बोलणारा माणूस असेच वाटत होते, कारण मला तसेच शिकवले गेले होते. त्या एका वाक्याने माझे शिकवणे बदलले. सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्राने मला असे काहीही दिले नव्हते.

पण सगळ्यांनी लाख रुपये घालून आधी सेल्टाच करावे, असे मी म्हणणार नाही. भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याला आधी लागते ती पदवी. नियमित बी.एड., इंग्रजीची एम.ए. आणि दोन-तीन वर्षे शिकवल्याचा दाखला, हा आपला पाया. आखातातल्या भारतीय शाळा बी.एड. मागतात. तिथल्या विद्यापीठांच्या पूर्वतयारी वर्षाला इंग्रजी शिकवायचे तर इंग्रजी, भाषाशास्त्र किंवा भाषाशिक्षणातली एम.ए. बघतात आणि सेल्टा असेल तर पारडे जड होते. मालदीवच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या आहेत आणि तिथे भारतीय शिक्षक वर्षानुवर्षे शिकवत आले आहेत. हैदराबादचे इंग्रजी आणि विदेशी भाषा विद्यापीठ १९५८ साली इंग्रजीच्या शिक्षकांना तयार करणारी केंद्रीय संस्था म्हणूनच सुरू झाले. तिथले इंग्रजी अध्यापनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र आणि पदविका हाही आपल्या आवाक्यातला मार्ग आहे. यातले काहीही वाया जात नाही. परदेशी गेला नाहीत तरी इथल्या शाळेत, ज्युनिअर कॉलेजात ते कामाला येते.

एक सावधगिरी. दूरशिक्षणाने घेतलेली पदवी आखातातल्या काही देशांत मान्य होत नाही, तिथे नियमित विद्यार्थी असल्याचा दाखला मागतात. घरच्या अडचणींमुळे आपल्या कितीतरी मुली बाहेरून पदवी घेतात. त्यांनी ज्या देशात जायचे त्या देशाचा नियम आधी तपासावा, एजंटाच्या तोंडी भरवशावर राहू नये.

आपली चौथी भाषा

एवढे वाचून कोणी निराश होईल. म्हणून मला खरे सांगायचे आहे ते आता सांगतो.

ट्रिनिटीच्या त्या कोर्समध्ये एक मजेशीर भाग आहे. प्रशिक्षणार्थींना त्यांना अजिबात न येणारी एक भाषा चार तास शिकवतात आणि त्या अनुभवाची डायरी लिहायला लावतात. हेतू असा की, भाषा येत नसलेल्या माणसाला वर्गात कसे वाटते हे शिक्षकाला कळावे. जन्मापासून एकाच भाषेत वावरलेल्या माणसाला हे मुद्दाम शिकवावे लागते.

आपल्याला हे कोणी शिकवायला हवे का? आपण घरी दखनी किंवा कोकणी बोललो, शाळेत उर्दूत शिकलो, बाजारात आणि कचेरीत मराठी बोललो, कुरआनसाठी अरबी अक्षरे गिरवली आणि मग इंग्रजीशी झुंजलो. वर्गात उत्तर माहीत असून तोंड न उघडणारे मूल कसे असते, हे आपल्याला डायरी न लिहिता माहीत आहे. ते मूल आपणच होतो.

याचा वर्गात थेट उपयोग होतो. मी आखातातल्या एका कॉलेजात चार वर्षे पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवले. मुले 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणायची. माझ्या एका ब्रिटिश सहकाऱ्याला वाटे की ती लक्ष देत नाहीत. पण उर्दू वाचणाऱ्याला ठाऊक असते की अरबी लिपीत 'प' नाही, फारसी-उर्दूसाठी तीन नुक्त्यांचे 'पे' वेगळे करावे लागले. मुले चुकत नव्हती, त्यांच्या कानात तो आवाजच नव्हता. तोंडासमोर कागदाचा तुकडा धरून 'प' म्हणताना तो हलतो आणि 'ब' म्हणताना फारसा हलत नाही, असे दाखवले की दोन-तीन तासांत फरक पडायचा. मुले 'ही टीचर' म्हणत, कारण अरबीत वर्तमानकाळाच्या अशा वाक्यात 'आहे' लागत नाही. नको तिथे 'द' लावत, कारण त्यांच्या भाषेत 'अल' तिथे लागतो. डावीकडून लिहिताना अडखळत, आणि त्यांना पाहून मला माझी पाचवीची इंग्रजीची वही आठवायची.

आपल्या उणिवाही मान्य करू. मराठी-उर्दूत 'अ' आणि 'द' ही उपपदे नाहीत, म्हणून आपणही तिथे अडखळतो. इंग्रजीतले 'व'चे दोन उच्चार आपण एकच करून टाकतो. यावर काम करावे लागेल, उच्च पातळीची परीक्षा द्यावी लागेल. पण भाषा कष्टाने शिकलेला माणूस ती शिकवायला कमी लायक असतो, हे मी मानत नाही. माझ्या वर्गाच्या निकालानेही ते मानले नाही.

तरीही त्या कॉलेजात माझा पगार त्या सहकाऱ्याच्या पगाराच्या जवळपास निम्मा होता. काम तेच, तास तेवढेच, पदवी माझी एक जास्त. मी विचारले तेव्हा उत्तर मिळाले, "वेतनश्रेणी पासपोर्टप्रमाणे आहे." मी ती नोकरी चार वर्षे केली, कारण घरी बहिणीचे शिक्षण चालू होते. अन्याय अन्याय म्हणून ओळखूनही माणूस कधी कधी काम करतो. पण तो आपल्या कुवतीचा निकाल आहे असे स्वतःला कधी समजावू नका. आणि इथे घरी काम करणाऱ्या बाईचा, आडनाव पाहून भाडेकरूचा किंवा गाव पाहून उमेदवाराचा मोल ठरवताना आपणही तेच करत नाही ना, एवढे एकदा तपासा.

पैसे देण्याआधीचे प्रश्न

सोमवारी मी त्या मुलीला पाच प्रश्न लिहून दिले. तुम्हालाही देतो.

एक, माझ्या भारतीय पासपोर्टवर त्या देशात या कामाचा व्हिसा मिळतो का? उत्तर त्या देशाच्या दूतावासाच्या नियमांत शोधा.

दोन, कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांना किती तास शिकवायचे आहे आणि ते कोण पाहणार?

तीन, नोकरी देणारी शाळा कोणती? नाव, पत्ता, कराराची प्रत. पगार, राहण्याची सोय, परतीचे तिकीट आणि सुट्टी करारात लिहिलेली हवी. 'आधी व्हिजिट व्हिसावर या, तिथे बदलून देऊ' म्हणणाऱ्याला तिथेच नमस्कार करावा. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे सौदी आणि अमिरातीच्या कायद्यातही बसत नाही.

चार, एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का? ई-मायग्रेटच्या यादीत नाव पाहता येते. नोंदणीकृत एजंटाच्या सेवाशुल्काला ३० हजार रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्यापुढचे पैसे कशाचे, हे पावतीसह विचारा.

पाच, कागदपत्रांचे प्रमाणीकरण कोण आणि किती खर्चात करणार? पदवीवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो. ओमान, बहरीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया अपोस्टील करारात आहेत, त्यामुळे तिथे परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील चालते. अमिरातीसाठी मात्र दूतावासाचाही शिक्का लागत आला आहे. हे काम स्वतः करता येते. एजंट त्याचे कितीतरी पट पैसे लावतात.

पालकांनाही एक सांगणे. मुलीने एकटीने परदेशी जावे का, हा प्रश्न घराघरांत विचारला जातो. मुलगा जातो तेव्हा त्याच्या कराराची प्रत कोणी पाहत नाही आणि मुलगी निघाली की सगळी मोहल्ला-कमिटी बसते. माझे म्हणणे एवढेच की हे पाच प्रश्न दोघांसाठीही विचारा. लेखी करार, ओळखीची शाळा आणि स्वतःच्या हातात स्वतःचा पासपोर्ट, ही मुलीची सुरक्षितता आहे आणि मुलाचीही.

त्या मुलीने प्रश्न संस्थेला पाठवले. पहिल्याला उत्तर आले, "नोंदणी केल्यावर सगळे सांगू." दुसऱ्यापासून पुढे उत्तर आले नाही. तिने पैसे भरले नाहीत. बी.एड.च्या सीईटीची तयारी सुरू केली आहे. अब्बूंना दोन वर्षे जास्त वाटतात आणि त्यांची काळजी खरी आहे, सहा हजारांत घर चालत नाही. ती संध्याकाळी पाचवी-सहावीच्या मुलींची इंग्रजीची शिकवणी घेते. मी तिला सांगितले आहे की रोज घड्याळ लावून बघ, तासात तू किती बोललीस आणि मुली किती बोलल्या. परवा तिचा निरोप आला, "सर, काल मुली जास्त बोलल्या."

परदेशात इंग्रजी शिकवणारे किंवा शिकवून परतलेले आपले वाचक असतील, तर त्यांनी आम्हाला अवश्य लिहावे. कोणत्या देशात, कोणत्या कागदावर, किती पगारावर, ते स्पष्ट लिहावे. नाव नको असेल तर छापणार नाही. मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून माझे पैसे आणि वर्ष गेले. तुमच्या चार ओळींनी कोणाच्या तरी अम्मीच्या बांगड्या हातातच राहतील.